घर एक, कोटेशनं तीन: घराच्या विम्याचे आकडे कसे ताडून पाहाल?

श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातले वाचक गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आहेत. "घराच्या विम्यासाठी तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने साडेसहाशे सांगितले, दुसऱ्याने नऊशे, तिसऱ्याने साडेचौदाशे. घर तर एकच. मग एवढा फरक कसा? आणि सगळ्यांत स्वस्त घेतला तर चालेल का?"

उत्तर बहुतेक वेळा असं निघतं की कागदावर ही तीन वेगवेगळी घरं असतात. एकाने बांधकामाची किंमत धरलेली असते, दुसऱ्याने जागेसकट बाजारभाव आणि तिसऱ्याने अंदाजाने एक गोल आकडा. अशा आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून आधी तिघांनाही एकच माहिती द्यायला हवी. मग फरक कशाचा आहे ते आपोआप दिसतं आणि पैसे कुठे वाचवायचे तेही कळतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पावसाळा नीट सुरूही झाला नव्हता. कौलं उडाली, पत्रे दूरवर जाऊन पडले, माड आणि पोफळी घरांवर कोसळल्या. अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पूर्ण पडलेल्या घरासाठी सरकारने दीड लाख रुपये मदत जाहीर केली. त्या मदतीचा आधार मोठा होता, पण दीड लाखात चिऱ्याचं घर उभं राहत नाही, हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं. विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो योग्य रकमेचा आणि वाजवी दरात कसा घ्यायचा, एवढंच इथे पाहू.

मूळ पॉलिसी सगळीकडे एकच आहे

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, आग आणि तत्सम धोक्यांचा विमा विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची घराची प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक केलं. सरकारी कंपनी असो वा खासगी, या पॉलिसीचा मूळ मजकूर सारखाच असतो. दर मात्र प्रत्येक कंपनी आपला ठरवते. ग्राहकाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही. माल एकच असेल तर भाव विचारायला संकोच कसला?

या मूळ पॉलिसीत पुढचे धोके येतात:

- आग, स्फोट, वीज पडणं
- वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी भरणं, त्सुनामी
- भूकंप, दरड कोसळणं, जमीन खचणं
- बाहेरची वस्तू घरावर आदळणं, उदाहरणार्थ झाड किंवा वाहन
- दंगल, संप, खोडसाळपणे केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य
- पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं
- वरीलपैकी एखादी घटना घडल्यावर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. एरवी झालेली घरफोडी यात येत नाही. ती हवी असेल तर वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

याखेरीज नुकसानभरपाईसोबत इंजिनिअर किंवा आर्किटेक्टची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही मिळू शकतं. ते किती रकमेपर्यंत आणि किती महिने, हे पॉलिसीच्या सूचीत पाहून घ्या.

कोटेशन मागण्याआधी एक कागद तयार करा

हे काम एका सकाळचं आहे. मोजपट्टी, वही आणि मोबाइल एवढंच लागतं. शाकारणीसाठी गडी आलेले असतील तेव्हा केलंत तर छपराची अवस्थाही नेमकी कळेल.

कागदावर लिहा:

१. घराचं चटई क्षेत्र, चौरस मीटरमध्ये. ७५० चौरस फूट म्हणजे साधारण ७० चौरस मीटर. ओटी, पडवी, माडी वेगवेगळी मोजा.
२. बांधणी. भिंती चिऱ्याच्या की विटांच्या, छप्पर कौलारू, पत्र्याचं की स्लॅबचं. गवत, झापं, बांबू, लाकडी फळ्या किंवा ताडपत्री यांची भिंत वा छप्पर असेल तर विम्याच्या भाषेत ते कच्चं बांधकाम होतं. बाकीचं पक्कं. मूळ घर पक्कं आणि मागची पडवी झापांची असेल तर तसंच लिहा.
३. घराभोवतीचं. गडगा किंवा कंपाउंडची भिंत, फाटक, बाहेरची मोरी आणि संडास, पाण्याची पक्की टाकी, गाडीची शेड, सौर पॅनेल. प्रत्येकाचा आजचा बांधकाम खर्च वेगळा लिहा. यादीत नसलेली भिंत पडली तर वाद होतो.
४. घरातल्या वस्तू. कपाटं, पलंग, फ्रीज, टीव्ही, पंखे, मिक्सर, पंप, इन्व्हर्टर, भांडी, कपडे. खोलीगणिक मोबाइलवर फोटो काढा आणि ते मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा. मोठ्या वस्तूंची बिलं असतील तर त्यांचेही फोटो काढा.
५. वापर. तुम्ही राहता, भाड्याने दिलंय, बंद असतं की पर्यटकांना खोल्या देता? खरं आहे तेच लिहा. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.
६. मालकी. घरपट्टी कुणाच्या नावावर येते, मिळकत पत्रिकेवर किंवा ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर कुणाची नावं आहेत. आपल्याकडे आजोबांच्या नावावरचं घर आणि त्यात राहणारी तिसरी पिढी हे नेहमीचंच आहे. पैसे भरणाऱ्याचं घराशी कायदेशीर नातं कागदावर दिसलं पाहिजे. सहहिस्सेदार असतील तर त्यांची नावं पॉलिसीत घालण्याबद्दल आधीच विचारा.

या कागदाच्या प्रती काढा आणि प्रत्येक कंपनीला वा एजंटला तीच प्रत द्या. तोंडी माहिती देऊन मिळालेला आकडा कोटेशन म्हणून धरू नका.

विमा रक्कम कशी काढायची

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

श्रीवर्धन आणि दिवेआगरात समुद्राजवळच्या जागेला काय भाव आला आहे, ते तुम्ही जाणता. पण वादळ जमीन घेऊन जात नाही. घराच्या विम्याची रक्कम म्हणजे *हेच घर आज पुन्हा बांधायला येणारा खर्च*. जागेची किंमत त्यात धरायची नाही. बाजारभाव धरून विमा उतरवला तर दरवर्षी जास्त प्रीमियम जातो आणि मिळताना मात्र बांधकामाच्या खर्चापेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही.

उलट चूकही तितकीच होते. वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी घर दोन लाखांत बांधलं, म्हणून पाच लाख पुरेत असं धरायचं. आज चिरा, वाळू, सुतार आणि गवंडी काय घेतात ते विचारून पाहा. आणि मालाची वाहतूक श्रीवर्धनपर्यंत करायची आहे, हे विसरू नका.

हिशेब असा करा. गावातल्या अनुभवी गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारा, "हे घर आज जसंच्या तसं बांधायला किती लागतील?" आलेल्या रकमेला चटई क्षेत्राने भागा. तो तुमचा चौरस मीटरचा दर. जांभ्याच्या जाड भिंती चटई क्षेत्रात मोजल्या जात नाहीत, पण त्यांचा खर्च दरात यायला हवा, म्हणून एकूण खर्चापासून मागे येणं बरं.

समजा घर ७० चौरस मीटर आणि दर २०,००० रुपये. घराचे झाले १४ लाख. कंपाउंडची भिंत १ लाख, टाकी आणि बाहेरची मोरी मिळून ५० हजार. एकूण विमा रक्कम साडेपंधरा लाख. भारत गृह रक्षा पॉलिसीत घराचा विमा घेतला की साध्या घरगुती वस्तूंचं संरक्षण आपोआप मिळतं, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत. या घरासाठी ते ३ लाख १० हजार होतं. चार क्रमांकाची यादी यापेक्षा मोठी भरली तरच वस्तूंसाठी जास्तीची रक्कम मागा. कमी भरली तर वस्तूंचा वेगळा विमा विकत घेऊ नका. अनेकजण इथे दोनदा पैसे भरतात.

रक्कम थोडी चुकली तर काय होतं? जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत मोठा फटका बसायचा. वीस लाखांच्या घराचा विमा दहा लाखांचा असला आणि नुकसान चार लाखांचं झालं तर कंपनी निम्मेच, म्हणजे दोनच लाख द्यायची. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. पण त्यासाठी तुम्ही दिलेली माहिती खरी असावी लागते, आणि घर पूर्ण पडलं तर विमा रकमेच्या वर काही मिळत नाही. म्हणून प्रीमियम कमी करण्यासाठी विमा रक्कम कापणं हा मला सगळ्यांत वाईट मार्ग वाटतो. त्यात वाचणारे पैसे शे-दोनशे असतात.

आता कोटेशनं शेजारी शेजारी ठेवा

वरच्याच घराचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या घराचे वेगळे येतील.

- पहिलं: विमा रक्कम साडेपंधरा लाख, प्रीमियम ८०० रुपये, अधिक कर. घराच्या विम्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खरे ९४४ रुपये. दर लाखाला सुमारे ६१ रुपये.
- दुसरं: साडेपंधरा लाख, करासह ९०० रुपये. दर लाखाला ५८ रुपये.
- तिसरं: १० लाख, करासह ६४० रुपये. दर लाखाला ६४ रुपये.
- चौथं: २५ लाख, करासह १,४५० रुपये. दर लाखाला ५८ रुपये.

पहिल्या नजरेला तिसरं सर्वांत स्वस्त. हिशेब केल्यावर तेच सर्वांत महाग, आणि घर पडलं तर साडेपाच लाख कमी देणारं. चौथ्याचा दर दुसऱ्याइतकाच आहे, पण त्यात साडेनऊ लाखांचा असा विमा आहे जो कधी मिळणारच नाही. ८०० आणि ९०० मध्येही ९०० वालं स्वस्त निघालं, कारण पहिल्याने कर बाजूला ठेवून आकडा सांगितला होता.

म्हणून प्रत्येक कोटेशनवर हे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल:

- कर धरून एकूण किती?
- मुदत किती वर्षांची? एका वर्षाची आणि तीन वर्षांची रक्कम शेजारी ठेवू नका, आधी वर्षाला भागा.
- प्रत्येक दाव्यातून आधी किती रक्कम कापली जाणार? काही ठिकाणी प्रीमियम कमी असतो तो याच कपातीच्या बदल्यात.
- वादळ, पूर आणि भूकंप यांपैकी काही वगळलं आहे का? किनाऱ्यावरच्या घराचा विमा वादळ वगळून कुणी देत असेल तर तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.
- ही 'भारत गृह रक्षा' आहे की कंपनीची स्वतःची दुसरी पॉलिसी? दुसरी असेल तर वर सांगितलेल्या सवलती तिच्यात आहेत का?
- सोबत जोडलेली जास्तीची संरक्षणं कोणती आणि त्यांचे पैसे वेगळे किती?

लांब मुदतीचा विमा

ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी घेता येते. लांब मुदतीवर कंपन्या सूट देतात. शिवाय एका वर्षाहून जास्त मुदत असेल तर घराची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जास्तीत जास्त मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, आणि तिच्यासाठी वेगळा प्रीमियम लागत नाही. मजुरी आणि माल ज्या गतीने महागतात ते पाहता हा फायदा खरा आहे. नूतनीकरणाची तारीख विसरण्याचा धोकाही जातो. एकरकमी पैसे भरण्याची ऐपत असेल तर तीन ते पाच वर्षांची मुदत घ्या. मधल्या काळात घर विकलं किंवा पॉलिसी नको झाली तर ती केव्हाही रद्द करून, दावा केलेला नसेल तर, उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागता येतात.

खोल्या पर्यटकांना देता? मग हे आधी वाचा

दिवेआगर, हरिहरेश्वर आणि आता श्रीवर्धन शहरातही घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांना देणं आणि जेवणाची सोय करणं हा अनेक कुटुंबांचा आधार झाला आहे. घराची पॉलिसी मात्र राहत्या घरासाठी आहे. तुमचं कुटुंब किंवा तुमचा भाडेकरू तिथे राहत असेल तर ठीक. राहण्या-जेवणाची व्यावसायिक सोय म्हणून वापरलेली वास्तू तिच्यात बसत नाही. दिवाळीत खोल्या भरलेल्या, दारावर पाटी लावलेली आणि पॉलिसीत 'स्वतःच्या राहण्यासाठी' असं लिहिलेलं, अशा स्थितीत सर्व्हेअर आला तर दावा अडकतो.

अशा घरांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही छोट्या व्यवसायांची प्रमाणित पॉलिसी आहे. एका जागेवरच्या मालमत्तेचं एकूण मूल्य पाच कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते. निम्मं घर राहतं आणि निम्म्यात खोल्या असतील तर कंपनीला नकाशा काढून दाखवा आणि दोन भागांचा विमा कसा करायचा ते लेखी विचारा. प्रीमियम थोडा वाढेल. तो वाचवण्यासाठी वापर लपवू नका, कारण मग भरलेला सगळाच प्रीमियम वाया जाण्याची भीती असते.

चाकरमान्यांचं बंद घर

गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप असलेली घरं या तालुक्यात पुष्कळ. घर किती दिवस बंद असतं ते प्रस्ताव अर्जात स्पष्ट लिहा आणि बंद घराबद्दलची अट कोणती आहे ते प्रत्येक कोटेशनमध्ये विचारा. चावी कुणाकडे, पावसाळ्यात घराकडे कोण लक्ष देतं, वादळानंतर कंपनीच्या माणसाला दार कोण उघडून देणार, हेही ठरवून ठेवा. शेजारच्या काकांच्या फोनमध्ये पॉलिसीचा फोटो असू द्या.

जास्तीची संरक्षणं: कोणती घ्यावीत, कोणती सोडावीत

दागिने आणि मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचं प्रमाणपत्र लागत नाही. पण दागिने बँकेच्या लॉकरमध्येच असतील तर घरच्या पॉलिसीत त्यांच्यासाठी पैसे घालू नका. घरफोडीचं संरक्षण बंद घराला उपयोगी, भरल्या आळीतल्या भरल्या घराला कमी गरजेचं. तुमचा आणि जोडीदाराचा प्रत्येकी ५ लाखांचा अपघात विमा या पॉलिसीला जोडता येतो. तुमच्याकडे आधीच तसा विमा असेल तर तो इथे पुन्हा घेऊ नका.

भाडेकरू असाल तर फक्त वस्तूंचा विमा घ्या, घराचा मालकाला घेऊ द्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीने इमारतीचा विमा उतरवला आहे का, कोणत्या धोक्यांसाठी आणि किती रकमेचा, ते सचिवांना विचारूनच स्वतःचा आकडा ठरवा.

बँकेचं कर्ज असेल तर

कर्ज देताना बँक विमा मागते, ते रास्त आहे. पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवू शकता. बाहेरचं कोटेशन आणा आणि बँकेकडे लेखी द्या. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. "कर्जासोबत विमा झालाय," असं सांगितलं जातं, पण कागद काढून पाहिला तर तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. घर पडलं तर त्यातून काही मिळत नाही. कागद आजच काढून पाहा.

या पॉलिसीत काय मिळणार नाही

- हळूहळू झालेली झीज. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले पत्रे आणि सळ्या, वाळवीने खाल्लेले वासे, दरवर्षी तीच गळणारी कौलं. शाकारणी न केल्याने झालेलं नुकसान हा अपघात मानला जात नाही.
- रोख रक्कम, कागदपत्रं, शेअर प्रमाणपत्रं, वाहनं.
- वाडी. पोफळी, माड, आंबे हे घराच्या विम्यात येत नाहीत. निसर्गमध्ये श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या झोपल्या, ते नुकसान घरांपेक्षा मोठं होतं आणि पोफळ पुन्हा फळावर यायला वर्षं जातात. माडासाठी नारळ विकास मंडळाची वेगळी विमा योजना आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे त्या-त्या हंगामात चौकशी करा.
- विद्युत उपकरणातच बिघाड होऊन ते जळणं. वीज पडून जळालं तर काय मिळेल ते कंपनीला आधीच लेखी विचारा, आणि तसं झालं तर त्या दिवशीचे फोटो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अहवाल जपा.

कुणाकडून घ्यावा

कंपनीच्या संकेतस्थळावरून, परवानाधारक तुलना संकेतस्थळांवरून, बँकेतून किंवा एजंटकडून घेता येतो. ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो. तरीही, माणगाव किंवा म्हसळ्याचा एखादा एजंट वादळानंतर स्वतः येऊन कागद भरून देणारा असेल, तर त्याच्याकडून घेताना शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील असं माझं मत आहे. मोबाइलचे टॉवर पडलेले असतात तेव्हा संकेतस्थळ उपयोगी पडत नाही. एजंटचा परवाना पाहा, पैसे कंपनीच्याच नावाने भरा आणि पावती घ्या. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार प्रीमियम कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. बंदरावर बावटा चढल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

पॉलिसी हाती आली की सोबतचं ग्राहक माहिती पत्रक वाचा. नाव, पत्ता, घर क्रमांक, चटई क्षेत्र, विमा रक्कम, वापर, एवढं तुमच्या कागदाशी पडताळून चूक असेल तर लगेच लेखी कळवा.

नुकसान झालं तर

१. आधी माणसं, मग वीज आणि गॅस बंद.
२. काहीही उचलण्याआधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ.
३. कंपनीला फोन, ईमेल किंवा एजंटमार्फत लगेच कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या.
४. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घाला. हा खर्च बिलासह नोंदवा. फुटकी कौलं आणि मोडके वासे सर्व्हेअर येईपर्यंत एका बाजूला रचून ठेवा.
५. तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत घ्या. सरकारी मदतीचा अर्ज करायचा तर करा, पण विम्याचा दावा वेगळा आणि स्वतंत्रपणे करावा लागतो.
६. गवंडी आणि सुताराकडून दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक घ्या.

तुमचे हक्क

विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल द्यायला हवा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायला हवा. केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही. नाकारला तर कारण लेखी मागा.

उत्तर पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा. नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा होतो. कोणतं लोकपाल कार्यालय ते पॉलिसीवर छापलेलं असतं. त्याशिवाय अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते.

निसर्ग ३ जूनला आलं होतं. म्हणून यंदा कौलं शाकारायला गडी येतील त्याच आठवड्यात मोजपट्टी घेऊन कागद तयार करा, तीन ठिकाणी एकच प्रत द्या आणि मे संपायच्या आत पॉलिसीची पावती हातात घ्या.